तेल साधं घालू की सिंथेटिक?

मैत्रिणींनो, घरात महिन्याला तेल किती लागतं, हे तुम्हांला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. फोडणीला कोणतं, तळणीला कोणतं, तळण झाल्यावर कढईतलं उरलेलं कशात संपवायचं, यावर आपल्यापैकी प्रत्येकीचं स्वतःचं असं मत आहे, आणि ते सहसा चुकत नाही. पण घरखर्चातलं आणखी एक तेल असं आहे की त्याबद्दल आपण बोलतच नाही. ते म्हणजे गाडीच्या इंजिनातलं तेल.

गाडी आता पुष्कळ घरांत बायकाच चालवतात. मुलांना शाळेत सोडणं, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेणं, मंडई, बँक, शिकवणी, सगळं त्याच गाडीवर. मग सर्व्हिसिंगला नेण्याचं कामही आपल्याकडेच येतं. तिथला माणूस बॉनेट उघडतो आणि हात पुसत विचारतो, "ताई, ऑइल साधं टाकू का सिंथेटिक? सिंथेटिक चांगलं, फक्त जरा महाग पडेल." यावर आपली दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणजे, "थांबा, ह्यांना फोन करते." दुसरं, "चांगलं असेल ते टाका." पहिल्या उत्तरात वेळ जातो, दुसऱ्यात पैसे. आणि गंमत अशी, की फोनच्या पलीकडच्यांनाही बहुधा गॅरेजवाल्याइतकंच ठाऊक असतं!

प्रश्न तसा अवघड नाही. फक्त तो कुणी आपल्याला नीट उलगडून सांगितलेला नसतो. आज तेवढंच करू या.

तेल करतं तरी काय?

शिवणयंत्राला आपण दोन थेंब तेल घालतो, ते कशासाठी? धातूवर धातू घासू नये म्हणून. इंजिनात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर चालते. गाडी रस्त्यावर साधीच चालली असली तरी आतले दट्टे मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा वर-खाली होत असतात. त्यांच्या नि भोवतालच्या धातूच्या मध्ये केसाहूनही पातळ असा तेलाचा थर असतो. तो आहे तोवर इंजिन आहे. तो तुटला की धातू धातूला खाऊ लागतो.

वंगणाखेरीज आणखी दोन कामं तेल करतं. आतली उष्णता वाहून नेतं आणि जळणाची काजळी, धातूची बारीक भुकटी स्वतःत धरून ठेवतं. म्हणून तेल काळं पडलं की घाबरायचं कारण नाही. डिझेल गाडीत तर नवं तेल थोड्याच दिवसांत काळं होतं. फडकं मळलं म्हणजे त्यानं ओटा पुसला, एवढाच त्याचा अर्थ! मात्र मळलेलं फडकं कधीतरी बदलावं लागतं, तसंच हे तेल.

साधं कोणतं, सिंथेटिक कोणतं?

साधं म्हणजे मिनरल तेल. जमिनीतून काढलेलं कच्चं तेल शुद्ध करून ते तयार होतं. गहू निवडावेत, पाखडावेत, चाळावेत, तसं ते गाळून-शोधून घेतात. पण कितीही निवडलं तरी दाणे लहान-मोठे राहायचेच, आणि एखादा खडाही राहायचा. मिनरल तेलातले कण असे लहान-मोठे असतात. उष्णतेनं त्यातले हलके आधी उडतात, काही जळून चिकट होतात. तळणीचं तेल पुनःपुन्हा तापवल्यावर कढईच्या कडेला जसा चिकटा धरतो, अगदी तसंच.

सिंथेटिक तेलात कण रसायनशाळेच्या पद्धतीनं बांधून किंवा पार मोडून नव्यानं जुळवून घेतलेले असतात. सोऱ्यातून पाडलेल्या शेवेसारखे सगळे एका मापाचे. त्यामुळे ते जास्त उष्णता सोसतं, लवकर जळत नाही, चिकटा कमी धरतं आणि कडाक्याच्या थंडीतही पातळ राहतं. थंडीत आपलं खोबरेल बाटलीत गोठून बसतं आणि शेंगदाण्याचं तेल वाहतं राहतं, हा फरक आपण दर हिवाळ्यात पाहतोच की.

या दोहोंच्या मधलं ते सेमी-सिंथेटिक. साध्या तेलात थोडं सिंथेटिक मिसळलेलं. थोडं म्हणजे किती, हे डब्यावर बहुधा नसतं. म्हणून नुसत्या त्या शब्दावर जास्त पैसे मोजू नयेत.

खरं तर 'सिंथेटिक' या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवायला नको. अमेरिकेत याच शब्दावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल या दोन कंपन्यांत वाद झाला होता. कच्च्या तेलापासूनच काढलेलं, पण फार कडक प्रक्रिया केलेलं तेल 'सिंथेटिक' म्हणून विकता येईल का, असा तो प्रश्न होता. जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या मंडळानं १९९९ साली निकाल दिला की, येईल. तेव्हापासून एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकले जातात. असं तेल वाईट असतं असं नव्हे, चांगलं असतं. पण डब्यावरचा मोठ्या अक्षरांतला शब्द पाहू नका, बारीक अक्षरांतले आकडे पाहा, एवढंच यावरून शिकायचं.

हे आकडे वाचायचे कसे?

डब्यावर '५ डब्ल्यू-३०' किंवा '२० डब्ल्यू-५०' असं काहीतरी छापलेलं असतं. यातला डब्ल्यू म्हणजे 'विंटर', हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल कसं वाहतं ते सांगतो. हा आकडा जितका लहान, तितकं तेल थंड इंजिनातही चटकन वर चढतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो. हे आकडे म्हणजे तापमानाचे अंश नव्हेत बरं का, नुसत्या इयत्ता आहेत. पहिलीतलं मूल नि चौथीतलं मूल, तशा.

गॅरेजवाला सांगेल, "ताई, थंडीत गाडीला त्रास होतो, सिंथेटिक घ्या." आता हिशेब पाहा. २० डब्ल्यू म्हणजे या यादीतलं रोजच्या वापरातलं सर्वांत जाड तेल. त्याची थंडीतली परीक्षा शून्याखाली १५ अंशांवर घेतात. आपल्याकडे निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की वर्तमानपत्रात बातमी येते! तेव्हा महाराष्ट्रात तरी निव्वळ थंडीसाठी सिंथेटिक घ्यायचं कारण नाही. लेहला किंवा बर्फाच्या देशात राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. आपला प्रश्न आहे तो उन्हाळ्याचा, घाटाचा आणि शहरातल्या रखडत्या वाहतुकीचा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंशांत गाडी सिग्नलला उभी असते, तेव्हा तेलाची खरी परीक्षा होते.

आणखी एक गैरसमज. 'जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण' असं पुष्कळ जण मानतात. जुन्या पद्मिनी-अ‍ॅम्बॅसडरच्या काळातली ती सवय आहे. आजच्या इंजिनातल्या फटी फार बारीक असतात, तेलाच्या वाटा अरुंद असतात. त्यात जाड तेल घालणं म्हणजे चहाच्या गाळणीतून आमटी गाळणं! नव्या पेट्रोल गाड्यांना ० डब्ल्यू-२० सारखी फार पातळ तेलं सांगितलेली असतात. ती साध्या मिनरल तेलातून बनवताच येत नाहीत. म्हणजे अशी गाडी असेल तर 'साधं की सिंथेटिक' हा प्रश्नच उरला नाही. कंपनीनंच तो आधी सोडवलेला आहे.

दाटपणाच्या आकड्याशेजारी दर्जाची अक्षरं असतात. अमेरिकी 'एपीआय'च्या मापात पेट्रोलसाठी 'एस'नं सुरू होणारी जोडी येते. तिच्यातलं दुसरं अक्षर वर्णमालेत जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. 'एसएन' २०१० चा, 'एसपी' २०२० चा आणि 'एसक्यू' २०२५ चा. नवा दर्जा जुन्या गाडीला चालतो, पण जुना दर्जा नव्या गाडीला चालत नाही. डिझेल गाड्यांची अक्षरं 'सी'नं सुरू होतात. एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ च्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. त्यांना राख कमी धरणारंच तेल लागतं आणि पुस्तिकेत युरोपच्या 'एसीईए' मापातलं 'सी २' किंवा 'सी ३' असं काहीतरी लिहिलेलं असतं. तिथं दुसरं तेल घातलं, तर ती महागडी गाळणी हळूहळू तुंबत जाते.

आता पैशाचा हिशेब

समजा, तुमच्या गाडीला साडेतीन लिटर तेल लागतं. साधं तेल ४०० रुपये लिटर आणि सिंथेटिक ८०० रुपये लिटर धरू. भाव गावागणिक आणि डब्यागणिक बदलतात, तेव्हा आपापले आकडे घाला. साध्याचे झाले १,४०० रुपये, सिंथेटिकचे २,८००. फिल्टर आणि मजुरी दोन्हींकडे ५०० धरली, तर एका खेपेला साधं १,९०० आणि सिंथेटिक ३,३००.

आता समजा, गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही तेलं चालतील असं म्हटलंय. साधं ५ हजार किलोमीटरला बदला आणि सिंथेटिक १० हजारांना, आणि काही झालं तरी वर्षातून एकदा बदलाच.

पहिलं घर. गाडी वर्षाला २० हजार किलोमीटर धावते. साधं तेल चारदा बदलावं लागेल, म्हणजे ७,६०० रुपये. सिंथेटिक दोनदाच, म्हणजे ६,६००. महाग तेल हजार रुपयांनी स्वस्त पडलं, शिवाय गॅरेजच्या दोन खेपा वाचल्या.

दुसरं घर. गाडी शाळा-मंडई करते, वर्षाला जेमतेम ४ हजार किलोमीटर. दोन्ही तेलं वर्षातून एकदाच बदलायची. साध्याचे १,९०० आणि सिंथेटिकचे ३,३००. म्हणजे वर्षाला १,४०० रुपये जादा, आणि जास्त किलोमीटर टिकण्याचा जो गुण विकत घेतला, तो न वापरताच तेल काढून टाकायचं. लग्नाच्या जेवणाचं ताट वाढून घ्यायचं आणि दोन घास खाऊन उठायचं, तशातली गत.

तुम्ही म्हणाल, चार हजारच किलोमीटर झालेत, मग वर्षानं तरी कशाला बदलायचं? तर यातच खरी मेख आहे. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. मग आतली वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल तेलात उतरतं आणि तिथंच मुरतं. झाकण ठेवून भाजी वाफवली की झाकणाला आतून पाणी धरतं ना, तसं. कमी पळणारी गाडी कमी झिजते असं वाटतं, पण तिचं तेल लांब पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर नासू शकतं. म्हणून वर्षाचं बंधन पाळायचं, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी पंधरा-वीस किलोमीटर एका दमात फिरवून आणायची.

मग कुणी काय घालावं?

पुस्तिकेत सिंथेटिकच सांगितलं असेल, तर काटकसर करू नये. टर्बो इंजिन असेल तर मुळीच नको, कारण टर्बोची चक्री अतिशय तापते आणि साधं तेल तिथं जळून कोळसा होतं. गाडी फार धावत असेल, रोज घाट किंवा रोज वाहतुकीची कोंडी असेल, तर दोन्ही चालत असली तरी सिंथेटिक घ्या. गाडी जुनी, साधी, टर्बो नसलेली, कमी धावणारी आणि पुस्तिकेत मिनरल तेल चालत असेल, तर ते वेळेवर बदललं म्हणजे पुरे. सीएनजीवर गाडी असेल, तर पुस्तिकेतलं त्याचं पान वेगळं वाचा. विजेच्या गाडीला तर इंजिनच नाही. तिच्या बिलात 'इंजिन ऑइल' दिसलं, तर मॅनेजरला जरूर बोलावून घ्या!

एकदा सिंथेटिक घातलं की पुन्हा साधं घालता येत नाही, हे मात्र खोटं. घालता येतं. अडीनडीला एकात दुसरं मिसळलं तरी इंजिन बिघडत नाही, फक्त आकडे जुळते हवेत. फार जुन्या गाडीत सिंथेटिक घातल्यावर गळती दिसू लागली, तर दोष तेलाचा नसतो. झिजलेल्या सीलवर बसलेला चिकटा धुऊन निघतो आणि मुळातली गळती उघडी पडते.

आणि घरातल्या दुचाकीत गाडीचं उरलेलं तेल चुकूनही ओतू नका. गिअरच्या मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. गाडीच्या तेलानं तो घसरायला लागतो. मोटारसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' आणि बिनगिअरच्या स्कूटरच्या डब्यावर 'जासो एमबी' पाहून घ्यावं.

गॅरेजमध्ये लक्षात ठेवायच्या गोष्टी

डबा सीलबंद आहे ना ते पाहून तो आपल्यासमोर फोडायला लावा. रिकामा डबा तिथं सोडू नका. त्याला भोक पाडा किंवा तो कापून टाका, कारण चांगल्या डब्यांत बनावट तेल भरून विकणारे आहेत. तेलाबरोबर फिल्टर बदलायचाच. नवं तेल जुन्या फिल्टरमधून फिरवणं म्हणजे ताजा चहा कालच्या चोथ्यातून गाळणं. 'इंजिन फ्लश' किंवा 'ऑइल ट्रीटमेंट' अशी जादा बाटली पुढे आली, तर "पुस्तिकेत सांगितलंय का?" एवढंच विचारा. योग्य तेलात लागणारी द्रव्यं आधीच असतात. बिलावर तेलाचं नाव, आकडा आणि किलोमीटर लिहून घ्या. वॉरंटीचा प्रश्न आला, तर तेच बिल कामाला येतं.

महिन्यातून एकदा तेलाची पातळी स्वतः पाहा. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. पट्टी काढा, फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. कमी वाईट, तसंच जास्तही वाईट. वरच्या खुणेच्या पलीकडे भरलं की तेलाला फेस येतो, आणि फेसानं वंगण होत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. चालत्या गाडीत समोर तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला, तर "घर दोनच किलोमीटरवर आहे" असं म्हणू नका. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. त्या दिव्याचा अर्थ, तेलाचा दाब पडलाय. मघाचा तो केसाहून पातळ थर आता भरवशाचा नाही. अशा वेळी दोन किलोमीटरही पुष्कळ होतात, आणि मग साध्या-सिंथेटिकमधल्या फरकाच्या कित्येक पट पैसे इंजिन उघडण्यात जातात. रिक्षा करून घरी या, कुणी काही म्हणालं तर म्हणू द्या.

काढलेलं काळं तेल 'वाळवीला बरं' म्हणून घरी आणू नये. ते कातडीला अपायकारक आहे, आणि मोरीत किंवा अंगणात ओतलं तर थेट पाण्यात जातं. २०१६ च्या सरकारी नियमांनुसार तो घातक कचरा आहे. गॅरेजनं ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यायचं असतं. तुमचं गॅरेज देतं का, हे एकदा विचारायला काय हरकत आहे?

थोडक्यात काय, तर महाग ते चांगलं आणि स्वस्त ते वाईट, असं इथं नाही. गाडीची पुस्तिका, डब्यावरचे आकडे आणि आपले वर्षाचे किलोमीटर, या तीन गोष्टी हातात असल्या की उत्तर आपोआप मिळतं. आजच दुपारी जरा वेळ काढून गाडीतली पुस्तिका घरात आणा. 'इंजिन ऑइल'चं पान काढून तेलाचा आकडा, दर्जाची अक्षरं, लिटर आणि बदलायची मुदत एका चिठ्ठीवर उतरवा. ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवा, आणि दुसरी तशीच चिठ्ठी ह्यांच्या पाकिटात. पुढच्या खेपेला फोन आलाच, तर तो तिकडून आपल्याला येईल!

पुढच्या अंकी पाहू या टायरमधली हवा : पावसाळ्यापूर्वी काय तपासावं आणि किती भरावी.